गोधडी, कांदाचाळ आणि विजेची मोटार

नाशिक शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर वसलेले आहे. त्यामुळे येथील हवा सुखद, अशी त्याची जुनी ख्याती. तरीही एप्रिल-मे महिन्यांत येथील पारा चाळीस अंश सेल्सिअसला जाऊन भिडतो. अशा दिवसांत भर दुपारी एखाद्या रसवंतीगृहापाशी उभे राहिले, तर एक चमत्कारिक दृश्य दिसते. माणसे उकाड्याने हैराण होऊन खांद्यावरचे उपरणेही दूर सारीत असतात, आणि बर्फाच्या लादीला मात्र जाड गोणपाटात गुंडाळून ठेवलेले असते! तीन-चार महिन्यांपूर्वी, पौषातल्या थंडीत, त्याच माणसांनी अंगाभोवती गोधडी लपेटून घेतलेली असते. थंडीत गोधडी माणसाला ऊब देते. मग उन्हाळ्यात गोणपाट बर्फाला ऊब का देत नाही?

या कोड्याचे उत्तर असे, की गोधडी ऊब निर्माण करीतच नाही. ऊब असते ती माणसाच्या शरीराची. गोधडी केवळ तिची वाट अडवून धरते. उष्णता नेहमी अधिक तापलेल्या वस्तूकडून कमी तापलेल्या वस्तूकडे जात असते. लोखंड, तांबे, ॲल्युमिनियम यांसारख्या धातूंतून ती झपाट्याने जाते. म्हणून त्यांना उष्णतेचे सुवाहक म्हणतात. लाकूड, लोकर, कापूस, भुसा यांतून ती रेंगाळत जाते. म्हणून ते दुर्वाहक. गोधडीच्या थरांत आणि गोणपाटाच्या धाग्यांत जागोजागी हवा अडकून पडलेली असते, आणि स्थिर हवा ही उत्तम दुर्वाहक आहे. हिवाळ्यात शरीराची उष्णता बाहेर जाऊ पाहते, तिला गोधडी अडवते. उन्हाळ्यात बाहेरची उष्णता बर्फाकडे जाऊ पाहते, तिला गोणपाट अडवते. दोघांचे काम एकच!

दुर्वाहक आवरणाचे सामर्थ्य किती असते, याचे एक जुने उदाहरण प्रसिद्ध आहे. १८३३ साली अमेरिकेतील बॉस्टन बंदरातून 'टस्कनी' नावाचे जहाज १८० टन नैसर्गिक बर्फ घेऊन निघाले. उष्ण कटिबंध ओलांडून सुमारे चार महिन्यांनी ते कोलकात्यास पोहोचले, तेव्हा त्यातील जवळजवळ १०० टन बर्फ शिल्लक होता. हा बर्फ लाकडाच्या भुशात व इतर दुर्वाहक पदार्थांत रचलेला होता.

परंतु या गोष्टीतच आवरणाची मर्यादाही दिसून येते. इतका बंदोबस्त करूनही ८० टनांच्या आसपास बर्फ वाटेत वितळलाच. आवरण उष्णतेला थांबवीत नाही. तिची चाल मंद करते, इतकेच. शिवाय आवरणाला आत आणि बाहेर हा भेद कळत नाही. ते बाहेरच्या उष्णतेला आत येऊ देत नाही, तसेच आतल्या उष्णतेलाही बाहेर जाऊ देत नाही. बर्फाच्या बाबतीत याने काही बिघडत नाही, कारण बर्फ स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. परंतु जी वस्तू स्वतःच तापते, तिला पांघरूण घातले तर काय होईल?

नाशिक जिल्ह्यातील शेतकऱ्याला हा प्रश्न नवा नाही. लासलगाव, पिंपळगाव, निफाड या भागांतील कांदा सर्वत्र प्रसिद्ध आहे. उन्हाळ कांदा मार्च ते मे या महिन्यांत निघतो आणि चांगल्या भावाच्या आशेने पुढे कित्येक महिने साठवून ठेवला जातो. कांदा शेतातून काढला तरी तो सजीवच असतो. तो श्वसन करतो, आणि श्वसनाबरोबर थोडी उष्णता व ओलावा बाहेर टाकतो. एका कांद्याची उष्णता नगण्य खरी. पण शेकडो क्विंटल कांद्याचा ढीग बंद खोलीत रचला, तर आतला कांदा घामेजतो, सडू लागतो आणि वर्षाची मेहनत मातीमोल होते.

म्हणूनच कांदाचाळीची रचना मोठी विचारपूर्वक केलेली असते. चाळीचा तळ जमिनीपासून उंच उचललेला असतो, म्हणजे खालून हवा शिरते. भिंती सलग नसून बांबूच्या किंवा लाकडी पट्ट्यांच्या असतात. पट्ट्यांमधील फटींतून वारा खेळतो. ढिगाची रुंदी व उंची मर्यादित ठेवतात, म्हणजे मधल्या कांद्यापर्यंतही हवा पोहोचते. छपरावर मात्र पुष्कळ शेतकरी उसाच्या पाचटाचा जाड थर पसरतात. पाचट दुर्वाहक असल्यामुळे माथ्यावरच्या उन्हाची झळ खाली उतरत नाही. जिकडून बाहेरची उष्णता येते, तिकडे पांघरूण. आणि जिकडून आतली उष्णता जावयाची, तिकडे मोकळी वाट. कांदाचाळीचे सारे शहाणपण या एका सूत्रात सामावलेले आहे.

याच जिल्ह्यातील द्राक्षांची व्यवस्था निराळी असते. निर्यातीची द्राक्षे वेलीवरून खुडल्यावर प्रथम पूर्वशीतगृहात नेतात. तेथे थंड हवेचे झोत सोडून त्यांच्यातील शेताची उष्णता काही तासांत काढून घेतात. त्यानंतरच ती जाड दुर्वाहक भिंतींच्या शीतगृहात जातात, आणि पुढे तशाच भिंतींच्या शीतपेटाऱ्यातून समुद्रमार्गे परदेशी रवाना होतात. येथे भिंती सर्व बाजूंनी बंद असतात खऱ्या. पण आतली उष्णता उपसून बाहेर टाकणारे यंत्र अहोरात्र चालू असते. ते यंत्र बंद पडले, तर नुसत्या भिंती द्राक्षे फार काळ वाचवू शकत नाहीत.

कांदा आणि द्राक्षे यांपासून मिळालेला हा धडा आता एका अगदी नव्या वस्तूला लागू पडत आहे. ती वस्तू म्हणजे विजेवर चालणारी मोटार. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एस. टी.ची पहिली बस धावली होती. त्याच मार्गावर १ जून २०२२ रोजी एस. टी.ची विजेवर चालणारी 'शिवाई' बस धावू लागली, आणि पुढे पुणे-नाशिक मार्गावरही अशा बसगाड्या सुरू झाल्या. रस्त्यांवर विजेच्या स्कूटर, रिक्षा आणि मोटारीही दिसू लागल्या आहेत. या वाहनांना धूर नाही, इंजिनाची घरघर नाही. त्यांचा सारा प्राण बॅटरीत साठवलेला असतो.

ही बॅटरी म्हणजे एकच एक वस्तू नव्हे. शेकडो, कधी हजारो लहान विद्युत्-घट एकमेकांना जोडून ती बनते. या घटांना लिथियम-आयन घट म्हणतात. प्रत्येक घटात दोन विद्युदग्रे असतात आणि त्यांच्यामध्ये एक द्रव असतो. घट भारित होताना लिथियमचे विद्युत्‌भारित कण, म्हणजेच आयन, एका अग्राकडून दुसऱ्याकडे जातात. वाहन चालताना ते परत फिरतात. असे घट १९९१ साली प्रथम बाजारात आले. त्यांच्या विकासासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो या तीन शास्त्रज्ञांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आयनांचा हा प्रवास विनाअडथळा होत नाही. घटाच्या अंतर्भागात विजेच्या प्रवाहाला थोडा विरोध होतो, आणि त्या विरोधामुळे उष्णता उत्पन्न होते. म्हणजे कांद्याप्रमाणेच बॅटरीही आतून तापणारी वस्तू आहे. तिला मानवणारे तापमान मात्र माणसासारखेच आहे. साधारणपणे पंधरा ते पस्तीस अंश सेल्सिअसमध्ये ती सुखाने काम करते. त्याहून पुष्कळ अधिक तापल्यास तिच्यात नको असलेल्या रासायनिक क्रिया वेगाने होऊ लागतात, काही लिथियम त्यांतच अडकून पडते आणि बॅटरीची वीज साठवण्याची शक्ती कायमची घटते. तापमान दहा अंशांनी वाढले, की अनेक रासायनिक क्रियांचा वेग जवळजवळ दुप्पट होतो, असा एक ढोबळ नियम आहे. त्यावरून उन्हाळा हा बॅटरीचा केवढा शत्रू आहे, याची कल्पना येईल.

मग बॅटरीला सर्व बाजूंनी जाड दुर्वाहक आवरण घातले, तर तिचे उन्हापासून रक्षण होणार नाही काय? उभ्या असलेल्या मोटारीपुरते पाहिले, तर काही अंशी होईल. मे महिन्याच्या दुपारी डांबरी रस्ता हवेपेक्षाही कितीतरी अधिक तापतो, आणि मोटारीची बॅटरी बहुधा तळाशी, रस्त्यालगतच असते. आवरण असेल तर ही धग आत पोहोचण्यास वेळ लागतो. परंतु मोटार धावू लागली, अथवा बॅटरी झपाट्याने भारित होऊ लागली, की चित्र पालटते. एक छोटासा हिशेब केला म्हणजे हे स्पष्ट होईल.

समजा, एका मोटारीतील बॅटरीचे वजन ३०० किलोग्रॅम आहे. ती जलद भारित होत असताना तिच्यात २ किलोवॉट इतकी उष्णता निर्माण होते, असे मानू. स्नानाचे पाणी तापविणारा घरगुती गिझर साधारण इतकाच तापतो. २ किलोवॉट म्हणजे दर सेकंदाला २ किलोज्यूल उष्णता. अशा घटांचा एक किलोग्रॅम भार एका अंशाने तापविण्यास सुमारे १ किलोज्यूल उष्णता लागते. म्हणून ३०० किलोग्रॅमला ३०० किलोज्यूल लागतील. दर सेकंदाला २ किलोज्यूल मिळत असल्यास १५० सेकंदांत, म्हणजे अडीच मिनिटांत, बॅटरी एका अंशाने तापेल. ४० मिनिटांत ती १६ अंशांनी तापेल. बॅटरी आरंभी ३८ अंशांवर असेल आणि आवरणाने उष्णतेच्या साऱ्या वाटा बंद केल्या असतील, तर शेवटी तिचे तापमान ५४ अंश होईल! जे पांघरूण रक्षणासाठी घातले, तेच वैरी ठरेल. एवढेच नव्हे, तर सायंकाळी वारा सुटून सारे नाशिक गार झाल्यावरही ही बॅटरी आपल्या पांघरुणात तापलेलीच राहील.

उष्णतेला जाण्यास पुरेशी वाट नसेल तर काय घडते, याचा अनुभव जगाला लवकरच आला. डिसेंबर २०१० मध्ये जपानच्या निसान कंपनीची 'लीफ' ही विजेची मोटार विक्रीस आली. तिची बॅटरी बंद पेटीत असून ती थंड करण्यासाठी पाण्याचा प्रवाह किंवा पंखा नव्हता. समशीतोष्ण प्रदेशांत तिने चांगले काम केले. परंतु अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात, फीनिक्स या वाळवंटी शहराच्या परिसरात, २०१२ च्या उन्हाळ्यात अनेक मालकांच्या तक्रारी आल्या. तेथे उन्हाळ्यात पारा चाळीसच्या पुढेच असतो. बॅटरीची साठवणशक्ती अपेक्षेपेक्षा लवकर घटली होती, आणि एका भारणात पूर्वीइतके अंतर कापता येत नव्हते. पुढे २०१३ मध्ये कंपनीने साठवणशक्तीबद्दल पाच वर्षांची अथवा ६०,००० मैलांची हमी दिली, आणि नंतरच्या मोटारींत उष्णता अधिक सोसणारे घट बसविले. थंड देशात योग्य ठरलेली रचना उष्ण देशात तशीच चालेल असे नाही, हा या अनुभवाचा बोध होता.

यावर अभियंत्यांनी जो मार्ग काढला, तो कांदाचाळ व शीतगृह या दोहोंची आठवण करून देतो. आजच्या अनेक मोटारींत घटांना लागून ॲल्युमिनियमचे पोकळ पत्रे बसविलेले असतात. ॲल्युमिनियम सुवाहक असल्यामुळे घटांची उष्णता सहज उचलते. पत्र्यांच्या पोकळीतून पाणी व ग्लायकॉल यांचे मिश्रण फिरत असते. ते ही उष्णता घेऊन मोटारीच्या पुढील भागातील जाळीदार यंत्राकडे जाते आणि बाहेरच्या हवेत सोडते. हीच आतल्या उष्णतेची मोकळी वाट.

परंतु बाहेरची हवाच ४२ अंशांवर असली, तर? उष्णता तर केवळ अधिक तापलेल्याकडून कमी तापलेल्याकडे जाते. ४२ अंशांची हवा ३५ अंशांच्या बॅटरीला थंड कशी करणार? अशा वेळी मोटारीतील वातानुकूलन यंत्राची मदत घ्यावी लागते. जे यंत्र प्रवाशांना गारवा देते, तेच फिरत्या पाण्यालाही गार करते. अर्थात हे काम फुकट होत नाही; त्यासाठी बॅटरीतीलच थोडी वीज खर्च होते. म्हणून मिळविलेला गारवा वाया जाऊ नये, यासाठी आता आवरण उपयोगी पडते. आतली उष्णता बाहेर नेण्याची सोय आधी झाली, म्हणजे मग तळाकडून आणि बाजूंनी येणारी रस्त्याची धग आवरणाने अडविणे शहाणपणाचे ठरते. द्राक्षांनाही नाही का प्रथम गार करतात, आणि नंतरच दुर्वाहक भिंतींच्या आड ठेवतात?

हिवाळ्यातही हे आवरण उपकारक होते. निफाडच्या परिसरात काही वर्षी थंडीत पारा पाच अंशांच्याही खाली उतरतो. फार गार झालेल्या बॅटरीत आयनांची हालचाल मंदावते, आणि शून्याखालील तापमानात तिला झपाट्याने भारित करणे तर अपायकारकच असते. अशा पहाटे तेच पांघरूण तिची ऊब सांभाळते.

दुर्वाहक पदार्थाचे आणखी एक काम आहे, आणि ते सर्वांत महत्त्वाचे आहे. एखाद्या घटात दोष असला, त्याला मार लागला किंवा तो बेसुमार तापला, तर त्याच्यातील रासायनिक क्रिया हाताबाहेर जातात. उष्णतेने क्रिया वाढते आणि क्रियेने उष्णता वाढते. शेवटी घट पेट घेतो. त्याची धग शेजारच्या घटाला लागली, की तोही त्याच मार्गाने जातो. २०२२ च्या वसंत ऋतूत भारतात विजेच्या स्कूटर पेटल्याच्या अनेक घटना घडल्या. त्यांपैकी एक नाशिकचीच आहे. ९ एप्रिल २०२२ रोजी पाथर्डी फाट्याजवळ ४० स्कूटर घेऊन निघालेल्या एका वाहनास आग लागली आणि त्यांतील २० स्कूटर जळाल्या. सुदैवाने कोणासही इजा झाली नाही.

त्या वर्षी केंद्र सरकारने बॅटरीच्या सुरक्षिततेचे नियम अधिक कडक केले. ते डिसेंबर २०२२ पासून आणि मार्च २०२३ पासून अशा दोन टप्प्यांत लागू झाले. उष्णता नीट वाहून जावी आणि एक घट बिघडला तरी तो इतरांपासून वेगळा राहावा, इतके अंतर घटांमध्ये असले पाहिजे. तसेच आतील उष्णता वाढू लागताच चालकास वेळीच इशारा मिळाला पाहिजे, असे त्या नियमांत सांगितले आहे. घटांच्या मधील जागेत अभ्रकाचे पत्रे किंवा एरोजेलचे पातळ थर घालण्याची पद्धतही रूढ होत आहे. एरोजेल हा पदार्थ सॅम्युअल किस्लर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९३१ साली प्रथम तयार केला. त्याचा बहुतेक भाग अतिसूक्ष्म छिद्रांत अडकलेल्या हवेचाच असतो. म्हणून तो गोधडीपेक्षाही कितीतरी सरस दुर्वाहक आहे. शेजारच्या घरास लागलेली आग मधल्या जाड भिंतीमुळे अडावी, तसा हा थर एका घटाची आग दुसऱ्यापर्यंत जाऊ देत नाही, अथवा निदान प्रवाशांना उतरून दूर जाण्याइतका अवधी देतो.

यंत्र कितीही चांगले असले, तरी ते वापरणाऱ्याने थोडी काळजी घेतलीच पाहिजे. विजेची गाडी शक्यतो सावलीत उभी करावी. उन्हातून दूरवर चालवून आणल्यावर ती, विशेषतः स्कूटर, लगेच भारित करण्यास लावू नये. बॅटरी निवण्यास थोडा वेळ द्यावा. उन्हाळ्यात भर दुपारपेक्षा रात्रीची किंवा पहाटेची वेळ भारणासाठी बरी. आणि बॅटरी गरम होते म्हणून तिच्यावर ओले फडके किंवा गोणपाट टाकण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. ओलावा आणि वीज यांचे सख्य नाही. आणि पांघरुणाने तापलेली वस्तू निवत नाही, हे आता निराळे सांगावयास नको.

निफाडच्या एखाद्या मळ्यात आज पाचटाने शाकारलेली कांदाचाळ उभी असते, आणि तिच्या सावलीला विजेची स्कूटरही उभी असते. एक वस्तू पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून घडलेली, दुसरी प्रयोगशाळेतून आलेली. पण दोघींना घडविणाऱ्यांनी एकच प्रश्न स्वतःला विचारला: उष्णता येते कोठून, आणि तिने जावे कोठून? या प्रश्नाचे उत्तर शोधल्याशिवाय घातलेले पांघरूण कधी तारते, कधी मारते. ज्या बाजूने ऊन येते तिकडे पाचट पसरणारा आणि ज्या बाजूने वारा खेळावयाचा तिकडे फट ठेवणारा शेतकरी हे फार पूर्वीच जाणून होता.